माळढोक आणि विजेची तार

न्यायालयाच्या निकालपत्रास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद असेल. परंतु माळढोक पक्ष्याच्या खटल्यांतील दोन निकालपत्रें सुशिक्षित वाचकानें शेजारीं ठेवून वाचावींत, असें आम्हांस वाटतें. योगायोग असा कीं, दोन्ही वेळीं सरन्यायाधीश महाराष्ट्रीयच होते.

पहिलें निकालपत्र १९ एप्रिल २०२१ चें, न्या. शरद बोबडे यांच्या पीठाचें. राजस्थान व गुजरात येथील माळरानांवरील विजेच्या तारा शक्य तेथें जमिनीखालून न्याव्या, हा त्याचा आशय. पंधरा किलोपर्यंत वजनाच्या या पक्ष्यास समोरचें नीट दिसत नाहीं, आणि दिसलें तरी जड देहामुळें ऐन वेळीं वळतां येत नाहीं. मादी बहुधा एका वेळीं एकच अंडें घालते. पक्षी उरले सुमारें दीडशे. मुक्या जीवाची ही बाजू निकालांत तळमळीनें मांडली आहे. मात्र सुमारें ९९,००० चौरस किलोमीटर प्रदेशास एकच नियम लावतांना व्यवहाराचा विचार मागें पडला, हेंही खरें.

दुसरें निकालपत्र २१ मार्च २०२४ चें, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाचें. त्यानें तो सरसकट नियम मागें घेऊन प्रश्न तज्ज्ञसमितीकडे सोपविला. आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा नागरिकांचा हक्क घटनेच्या १४ व २१ या कलमांत असल्याचें सांगितलें. हा विचार मोठा आहे. कोळसा जाळीत राहून माळरान वांचणार नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. तथापि त्या विस्तृत विवेचनांत ज्याच्यासाठीं खटला उभा राहिला तो पक्षीच लहान लहान होत जातो. एका पारड्यांत सूर्य व दुसऱ्यांत माळढोक, असें चित्र वाचकाच्या मनांत उभें राहतें. वस्तुतः माळढोकाचें वैर सूर्याशीं नाहीं. तें तारेशीं आहे, आणि तार कोठून न्यावी हें माणसाच्या हातीं आहे. शिवाय वीज उशिरा आली तर चालतें; नष्ट झालेली जात परत येत नाहीं.

तरीही केवळ तारांस दोष देणें आम्हां महाराष्ट्रीयांस शोभणार नाहीं. सोलापुराजवळील नान्नजचें अभयारण्य १९७९ सालचें. तेथें आज या पक्ष्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. आमचे माळ नांगराखालीं व वस्तीखालीं गेले, तेव्हां सौरविजेचें निमित्तही नव्हतें.

डिसेंबर २०२५ मध्यें न्यायालयानें समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. त्यांचें मोल आतां जैसलमेरच्या माळावर वाढणाऱ्या पिलांवरूनच ठरेल.