फादर स्टीफन्स : कवि आणि गांवचा पाद्री

फादर स्टीफन्स यांचें नांव निघालें कीं आमचे रसिक वाचक ‘क्रिस्तपुराणां’तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या म्हणून दाखवितात आणि तेथेंच थांबतात. एका परकीयानें आपल्या भाषेची थोरवी गाइली याचा अभिमान वाटणें साहजिक आहे; पण त्या अभिमानापायीं सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ आमच्याकडे चारदोन ओव्यांपुरताच उरला आहे. आमच्या मतें हा ग्रंथ कवीचा म्हणून वाचण्यापूर्वीं गांवच्या पाद्र्याचा म्हणून वाचावयास हवा.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथलिक उपासनेस कायद्याची बंदी होती. त्यांनीं रोम गांठलें, तेथें १५७५ मध्यें जेझुइट संघांत प्रवेश केला आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले. पुढें १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टींतील गांवांमध्यें गेलें.

ही साष्टी कशी होती? तेथील देवळें १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज अमलाखालीं सरसकट पाडलीं गेलीं होतीं. १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळविण्याच्या कामांत स्टीफन्स स्वतः होते. मागाहून कुंकळ्ळीच्या गांवप्रमुखांना बोलावून नेऊन ठार करण्यांत आलें. दोन्हीं बाजूंचें हें रक्त ज्या मातींत मुरलें, त्याच मातींत या पाद्र्याला नव्यानें ख्रिस्ती झालेल्या माणसांसमोर दर रविवारीं उभें राहावयाचें होतें.

ग्रंथाच्या आरंभीं एक श्रोता पाद्र्यास विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य ठरविलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? सगळ्या ‘क्रिस्तपुराणां’त आम्हांस हें स्थळ सर्वांत मोलाचें वाटतें. आपल्या देशांत स्वतःच्या उपासनेला बंदी झाल्यामुळें जो घराबाहेर पडला, त्यालाच येथें दुसऱ्यांच्या बंद झालेल्या पोथ्यांचा जाब विचारला जात आहे! स्टीफन्स यांना हें साम्य जाणवलें होतें असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु तो प्रश्न त्यांनीं गाळला नाहीं, ओवींत बांधून ठेवला. आणि त्याचें उत्तर म्हणजेच हा सारा ग्रंथ.

ओवी त्यांनीं निवडली ती याचसाठीं. श्रोत्यांच्या कानांत ती होतीच. शुद्ध मराठी सर्वांस कळणार नाहीं म्हणून ब्राह्मणी भाषेचे, म्हणजे आजच्या कोंकणीचे, सोपे शब्द मिसळल्याचें ते प्रस्तावनेंत सांगतात. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात, पण चर्चच्या संस्कारांचीं नांवें मात्र पोर्तुगीजच ठेवितात. जेथें श्रोत्याची कल्पना चालावयास हवी तेथें श्रोत्याचा शब्द, आणि जेथें चर्चची आज्ञा चालावयास हवी तेथें चर्चचा. पंडितांना ही भेसळ खटकते. आम्हांस तींत रोज माणसांत वावरणारा मनुष्य दिसतो. दोष आहेत. उपदेश लांबला कीं ओवी थकते, आणि जुन्या करारावरील पहिल्या पुराणांत कित्येक ठिकाणीं नुसती हकीकत उरते. येशूच्या बाळपणाशीं आणि क्रूसाशीं आलें कीं मात्र तीच ओवी भरून येते.

ग्रंथ १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हा निघाला. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें लोकभाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. त्या तीन आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जें वांचलें तें हातांनीं उतरलेल्या पोथ्यांतून. गोवा सोडून कानडा मुलखांत गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनीं तीं पुराणें सांभाळलीं, आणि अशाच पोथ्यांवरून १९०७ मध्यें मंगळूर येथें सालढाणा यांनीं ग्रंथ पुन्हा छापून काढला. नागरी लिपींतील छापील आवृत्ति पुण्यास निघावयास १९५६ साल उजाडावें लागलें.