पंकातल्या तबकड्या

पंक म्हणजे चिखल, हे आम्हाला शाळेत 'पंकज'चा विग्रह करताना कळलं. पंक म्हणजे संगीतही, हे कळायला बी.कॉम. होऊन बँकेचं काउंटर गाठावं लागलं. भंडाऱ्याच्या माणसाला यात वावगं काही वाटत नाही. रोवणीच्या दिवसांत इथली अर्धी माणसं गुडघाभर चिखलात असतात आणि वर्षाचा भात त्यातूनच येतो. शिवाय हे भांड्यांचं गाव. पितळेवर पडणारा हातोडा ज्यांनी पचवला, त्यांना गिटार काय घाबरवणार?

तर सध्या जुन्या तबकड्या नव्यानं निघताहेत, म्हणून चार शिफारशी.

पहिली न्यूयॉर्कच्या रमोन्सची, १९७६ ची. १४ गाणी, २९ मिनिटं! आमच्या जेवणाच्या सुट्टीत डबा धुण्यासकट बसते. चौघांचंही आडनाव रमोन, पण कोणी कोणाचं सख्खं नाही. आडनाव आपलं ठरवून घेतलेलं. हे चौघे जॉइंट खातं उघडायला आले असते, तर मी कागदपत्रं मागून त्यांचा बँड मोडला असता. गाण्यांत आलाप नाही, प्रस्तावना नाही. येतात तेच समेवर आणि जातातही समेवरच. सगळी गाणी सारखीच वाटतात, हा आक्षेप बरोबर आहे. दुसऱ्या बाजूला तर मीही घड्याळ पाहतो. पण आपल्याला वाजवता येतं तेवढ्यावरच उभं राहायचं, ही हिंमत मला फार आवडते. आमची ही मात्र स्वयंपाकघरातून विचारते, "मिक्सर बिघडला का जी?"

पण न्यूयॉर्क कशाला, आपल्याकडे पोरं त्याआधीच वाजवत होती. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या आहेत. देशभरचे हौशी बँड त्यात आहेत. अर्धी गाणी विलायती गाण्यांची कार्बन कॉपी, आणि कार्बनही दोनदा वापरलेला. पण पोरांनी जिथे स्वतःचं गाणं बांधलंय, तिथे कान टवकारतात. दोन्हींतली एकच घ्यायची तर १९७० ची घ्या.

मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७' ही एकुलती एक तबकडी. २०११ मध्ये ती अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीनं पुन्हा काढली. मूळ तबकडी जरा पार्टीतली वाटते. नव्या आवृत्तीत जोडलेल्या इतर ध्वनिमुद्रणांत खरा धूर आहे. वाणिज्य शाखेत आम्ही घसारा शिकलो: वस्तू जुनी झाली की किंमत उतरते. इथे उलटंच. आपण रद्दीत घातलेली तबकडी साहेबानं पुसून परत पाठवली, की तिची किंमत आमच्या किराण्याच्या बिलाशी स्पर्धा करते.

नंदू भेंड्यांचं नाव न घेता पुढे जाणं बरं नाही. फार्स गाजवणाऱ्या आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा 'व्हेलवेट फॉग', 'सॅव्हेज एन्काउंटर' अशा नावांच्या बँडमधून गायला. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास झाला आणि १९७८ च्या 'तीन पैशाचा तमाशा'च्या संगीतकारांत भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या बरोबरीनं बसला. बर्लिनचं नाटक, पु.लं.ची मराठी आणि रॉक गाणारा भेंडे! मराठी माणसाला रॉक पेलत नाही, असं कोणी म्हटलं तर एवढं एक उदाहरण पुरे. २०१४ मध्ये ते गेले.

आता चौथी शिफारस. तिची तबकडी मला आजवर कुठल्याही दुकानात दिसलेली नाही. आमच्या झाडीपट्टीतली खडी गंमत. उभ्या उभ्या गाणारा शाहीर, ढोलकी, डफ, बाईच्या वेशातला नाच्या, आणि सरपंचापासून साहेबापर्यंत कोणालाही न सोडणारी जीभ. पंकवाल्यांना जे १९७६ मध्ये सुचलं, ते इथे बाप-आजे करत आले. पण जर्मनीतून उद्या कोणी संग्राहक आलाच, तर तो पुन्हा काढणार काय? आधी एकदा तरी निघायला हवी ना! शाहीर म्हातारे होत चाललेत आणि पोरं डीजे बोलावतात.

भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, तेव्हा जा. फोन पूर्ण चार्ज करून न्या. आणि ढोलकीच्या अगदी जवळ धरू नका, आवाज फाटतो.