जत्रेतील बारी : क्रीडासोहळ्यातील कलावंताच्या प्रश्नाची चिकित्सा

एखाद्या लोकप्रिय गायकाने वा नर्तकीने अमुक क्रीडासोहळ्यात कला सादर केली आहे काय, हा प्रश्न वरकरणी केवळ माहितीचा वाटतो. होय किंवा नाही एवढ्यावर तो मिटावा, अशीच विचारणाऱ्याची अपेक्षा असते. परंतु शिरूर व दौंड तालुक्यांतील जत्रांना तो लावून पाहिला म्हणजे त्यातील ‘सोहळ्यात’ या सप्तमीचाच अर्थ निश्चित नसल्याचे ध्यानी येते. आणि तो निश्चित केल्यावाचून दिलेले उत्तर, होकारार्थी असो वा नकारार्थी, सारखेच सदोष ठरते.

अन्यत्रची उदाहरणे प्रथम घेऊ. मायकेल जॅक्सन याने १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रम केला. तेथे स्थळ क्रीडेचे होते; त्या रात्री क्रीडा मात्र नव्हती. याच गायकाने १९९३ साली पॅसाडीना येथे अमेरिकी फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ सामन्याच्या मध्यंतरात गायन केले. तेथे गाण्याला जागा मिळाली ती खेळ थांबला म्हणून. मार्च २०१० मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर इंडियन प्रीमियर लीगच्या तिसऱ्या हंगामाचे उद्घाटन झाले, तेव्हा लायोनेल रिची यांचे गायन सामन्यापूर्वी झाले. शेवटच्या दोन प्रसंगी क्रीडा ही यजमान आहे आणि गायक हा पाहुणा. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात नकळत हेच चित्र असते.

शिरूर तालुक्यातील जत्रेत हे चित्र मोडते. ग्रामदैवताचा अभिषेक, छबिना, घाटातील बैलगाडा शर्यत, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, असा क्रम सामान्यतः आढळतो. गावपरत्वे त्यात फेरफार होतो. यांपैकी हजेरीकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. रात्रभर उभे राहिलेले कलावंत सकाळी उघड्या उजेडात पुन्हा गातात आणि तेथून उठलेला प्रेक्षक पुढे आखाड्याकडे वळतो. केवळ तारखेवर विसंबणारा संशोधक येथे सहज फसेल. एकाच दिवशी, एकाच गावी, एकाच समुदायासमोर नर्तकी आणि पहिलवान उभे राहिले, एवढे त्याला कागदावर दिसेल. तथापि तिच्यासाठी आखाडा थांबलेला नसतो आणि त्याच्यासाठी फड उठलेला नसतो. फडाला सुपारी देण्यासाठी गावकरी नारायणगावच्या राहुट्यांकडे जातात. शर्यतीची व कुस्तीची बक्षिसे वेगळी ठरतात. वर्गणी मात्र एकाच जत्रेच्या नावाने गोळा होते.

या संदर्भात ‘बारी’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. पुणे जिल्ह्याच्या या भागातील शर्यतीत गाडे एकमेकांशेजारी धावत नाहीत. प्रत्येक गाडा घाटात एकटा सुटतो आणि निशाणापर्यंतचा त्याचा वेळ सेकंदांत मोजला जातो. या धावेला ‘बारी’ म्हणतात. दौंड तालुक्यातील चौफुला येथील कला केंद्रांत जी कला चालते, ती ‘संगीत बारी’. बारी म्हणजे पाळी. ज्याची पाळी त्याने आपले करून दाखवावे आणि बाजूस व्हावे, हाच दोहोंकडील व्यवहार. मध्यंतर ही वस्तू दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या वेळात सापडते. पाळी ही ज्याची त्याची असते. (चौफुल्याच्या बारीला तर जत्रेचीही गरज नाही; तेथे प्रेक्षकच थिएटराकडे येतो.)

हा भेद केवळ शब्दांचा आहे, असा आक्षेप संभवतो. त्याचे निरसन अलीकडच्या इतिहासाने होते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात (१९४६-५२) मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि पुढे वगांच्या संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. त्या बंदीने शर्यतीला स्पर्श केला नाही. उलट ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती बंद पडल्या. २०१७ चा राज्याचा कायदाही उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. या साऱ्या काळात तमाशाची सुपारी शर्यतीवाचून दिली जातच होती. २०२० व २०२१ मध्ये साथीमुळे मात्र जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा घाट आणि फड दोन्ही एकदम ओस पडले. यावरून दोहोंचा आधार एकमेकांत नसून जत्रेत आहे, असे म्हणावे लागते. ‘तिने शर्यतीत कला सादर केली काय?’ याचे उत्तर नकारार्थी आहे, पण ‘ती केवळ तमाशात होती’ हेही पुरेसे नाही.

येथील कलावंत हा दुरून आणलेला पाहुणाही नव्हे. अनेक फडांसाठी वग व लावण्या लिहिणारे शाहीर बी. के. मोमीन हे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचेच. त्यांना शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार, त्या विठाबाई (१९३५-२००२) शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावी राहिल्या. २०२२ पासून गाजलेल्या गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून लावणीच्या शुद्धतेचा जो वाद झाला, त्यात बरेच शब्द खर्ची पडले. ध्वनिमुद्रित गाण्यावरील नृत्याला जत्रेच्या क्रमात कोणती बारी मिळते, आणि ती कोणाची बारी घेते, हा अधिक मोलाचा प्रश्न त्या वादात जवळजवळ आलाच नाही.

अखेर एक अपवाद नोंदविला पाहिजे, कारण तो मूळ प्रश्नालाच उलटवितो. आखाड्यात जोड लागली की हलगी वाजू लागते. डाव रंगात आला की तिची लय चढते, आणि कुस्ती निकाली होताच तिचा कडकडाट होतो. ही वादनकला कुस्तीच्या आधी नाही, नंतर नाही, मध्यंतरातही नाही. ती कुस्तीच्या आतच आहे. क्रीडासोहळ्यात कला सादर करणारा कलावंत शब्दशः कोणी असेल, तर तो हलगीवादक होय. तीच हलगी रात्री फडावर ढोलकीच्या जोडीला असते. हे वादन परंपरेने मांग समाजाकडे चालत आले; विठाबाईंचे पूर्ण नावही ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असेच घेतले जाई. लोकप्रियतेच्या मापाने कलावंत शोधणाऱ्याला फडाची नायिका दिसते, हलगीवाला दिसत नाही. जत्रेच्या पत्रकावर गाडामालकाचे, पहिलवानाचे आणि फडाचे नाव छापले जाते. हलगीवाल्याचे नाव त्यावर सहसा नसते.