दक्षता शेवटी का?

शाळेतल्या प्रयोगवहीचा क्रम आपल्या सर्वांना पाठ आहे. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान आणि सर्वांत शेवटी दक्षता. दक्षतेखाली दोन-तीन वाक्ये: उपकरणे काळजीपूर्वक हाताळावीत, वाचन अचूक घ्यावे, आम्ल वापरताना काळजी घ्यावी. मंगरूळपीरला शाळेत असताना मीही अशा वह्या भरल्या. प्रयोग आटोपून, परीक्षानळ्या धुऊन, घंटा झाल्यावर आम्ही दक्षता लिहीत असू, तीही बहुधा शेजाऱ्याच्या वहीत पाहून. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नव्हे, हे वाक्य त्या यादीत असेच. पण ते लिहिण्याची वेळ येईपर्यंत आम्ल ओतून झालेले असे. आमच्यापैकी कोणाच्या डोळ्याला इजा झाली नाही याचे श्रेय वहीला नाही, शेजारी उभ्या असलेल्या सरांना आहे. आम्ही बाटलीला हात लावला की ते ओरडत.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो असता ही वही पुन्हा आठवली. ओसरीवर कपाशीसाठी आणलेल्या कीटकनाशकाची बाटली होती आणि तिच्यासोबत घडी घातलेले माहितीपत्रक. कागद उलगडला तर चांगला हातभर लांब, दोन्ही बाजूंनी छापलेला, चार भाषांत. मराठी मजकुराला मोजपट्टी लावली, अक्षराची उंची जेमतेम एक मिलिमीटर भरली. क्रम मात्र ओळखीचा निघाला. आधी रसायनाचे नाव आणि प्रमाण, मग पिके, किडी, एकरी मात्रा, पाण्याचे प्रमाण, फवारणीची पद्धत, आणि हे सर्व झाल्यावर सावधगिरीच्या सूचना. त्यानंतर विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, प्रतिविष. म्हणजे पुन्हा कृती आधी आणि दक्षता शेवटी. हा कागद लिहिणाऱ्यानेही आमच्यासारखीच प्रयोगवही भरलेली असणार.

मजकुरात चूक काही नाही. प्रत्येक वाक्य खरे आहे. तरीही तांत्रिक लेखनाचा नमुना म्हणून तो मला वाईट वाटतो, आणि का वाईट वाटतो ते सांगण्यासाठी हा लेख आहे. कारण आमच्या भागात हा केवळ भाषेचा प्रश्न राहिलेला नाही. मंगरूळपीरहून कारंजा-दारव्हा मार्गे यवतमाळला जाता येते. त्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अनेकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, औषधे एकात एक मिसळून मारली जात होती, जोराने फवारणारे बॅटरीचे पंप आले होते. नंतर शासनाने यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलढाणा आणि आमच्या वाशिम जिल्ह्यात काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या वेळी पुष्कळांनी म्हटले की शेतकऱ्यांनी सूचना वाचल्या नाहीत. मला उलटा प्रश्न पडतो: त्या सूचना वाचल्या जातील अशा लिहिल्या होत्या का?

बाटलीवरच्या खुणेपासून सुरुवात करू. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. नियमानुसार लेबलावर ४५ अंशांत फिरवलेला एक चौरस हवा आणि त्याने लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापायला हवा. त्याचे दोन त्रिकोण पाडायचे. वरच्यात चिन्ह आणि शब्द, खालच्यात रंग. अत्यंत विषारी असेल तर लाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, सर्वांत सौम्य तो हिरवा. लाल खुणेवर कवटी आणि फुलीसारखी दोन हाडेही असतात.

ही कल्पना उत्तम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. निरक्षर माणसालाही कळेल अशी खूण कायद्याने प्रत्येक बाटलीवर ठरावीक आकारात आणली. कवटी आपल्याकडे विजेच्या खांबामुळे लहान मुलांनाही ओळखीची आहे. खांबावरची ती पाटी मला इशारा कसा द्यावा याचा आदर्श वाटते. एक चित्र, 'धोका' हा एक शब्द, व्होल्टचा एक आकडा, आणि जागा अशी की चढणाऱ्याची नजर तिच्यावर पडल्याशिवाय राहू नये.

बाटलीवरचे चार रंग मात्र तितके बोलके नाहीत. लाल म्हणजे धोका हे कोणीही सांगेल. पण पिवळा जास्त वाईट की निळा? रंगांत असा चढता-उतरता क्रम नसतो, तो शिकवावा लागतो. शब्दांतही गोंधळ आहे. लाल आणि पिवळ्या दोन्हींवर 'विष', निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान'. दोन वेगळ्या पातळ्यांना एकच शब्द, मग पायऱ्या कोणत्या समजायच्या? हिरव्याची गोष्ट तर आणखी वेगळी. खाद्यपदार्थाच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, चौकात हिरवा दिवा म्हणजे जा. हिरवा त्रिकोण पाहून कोण थांबेल?

'सावधान' या शब्दाचेही मराठीत फार काम झाले आहे. कवायतीच्या मैदानावर तो रोज ऐकू येतो, मंगलाष्टकांत ऐकू येतो. बोहल्यावर हा शब्द ऐकून समर्थ रामदास पळाले अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्रात इशाऱ्याचे इतके तंतोतंत पालन दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बाकीचे आपण सर्व अक्षता टाकून जेवायला बसतो.

याहून गंभीर मुद्दा असा की हा रंग नेमके काय मोजतो, हे वापरणाऱ्याला माहीत नसते. त्यामागचे माप म्हणजे प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा, दर किलोग्रॅम वजनामागे मिलिग्रॅममध्ये. तोंडावाटे दिलेली ही मात्रा ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याहून अधिक असेल तर हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळे आकडे आहेत. पण दोन्ही मापे एका वेळच्या मात्रेची आहेत. शेतमजूर हंगामात आठ-आठ दिवस सलग, आज या वावरात तर उद्या त्या वावरात फवारतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामाला आवश्यक असे एक विकर निकामी करतात. ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून रोजच्या थोड्या थोड्या विषाचा परिणाम साठत जातो. पाचव्या दिवशी चक्कर येते ती पाचव्या दिवसाच्या औषधाने नव्हे, पाचही दिवसांच्या. त्रिकोणात हे येत नाही, आणि मी पाहिलेल्या माहितीपत्रकातही 'सलग इतक्या दिवसांहून अधिक फवारू नका' अशी ओळ नव्हती. लाल खुणेसोबत छापायचा सक्तीचा इशारा 'गिळल्यास' या शब्दाने सुरू होतो. फवारणारा माणूस गिळत नाही. त्याच्या पाठीवरची टाकी गळते, सदरा भिजतो, हातावर मूळ द्रव सांडतो, तोंडासमोर तुषार येतात.

आता माहितीपत्रकातील सूचनांकडे वळू. मी मोजल्या तेव्हा सोळा भरल्या. सर्व एकाच ठशात, एकाखाली एक. लहान मुलांपासून दूर ठेवा, खाद्यपदार्थांजवळ साठवू नका, हातमोजे वापरा, तोंडाने नोझल फुंकू नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, रिकामे डबे नष्ट करा. यातली एक सूचना दुकानदारासाठी, एक घरातल्या बाईसाठी, एक पंप भरणाऱ्यासाठी, एक फवारणाऱ्यासाठी आणि एक हंगामानंतरच्या दिवसासाठी आहे. सर्वांना एका रांगेत उभे केल्यामुळे कोणालाच आपले नाव ऐकू येत नाही.

सूचना कोठे छापावी यावर प्रयोग झाले आहेत, आणि त्यातला एक रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आपला वाटेल. मायकेल वोगाल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत रसायने मोजून मिसळण्याचे काम दिले. मास्क आणि हातमोजे घालण्याची सूचना काहींच्या कागदावर कृतीच्या आधी होती, काहींच्या कागदावर नंतर. आधी छापली तेव्हा ती अधिक जणांनी पाळली. १९८९ मधल्या पुढच्या प्रयोगांत दिसले की मोजे आणि मास्क हाताशी असले तर लोक घालतात, दूर जाऊन आणावे लागले तर पुष्कळसे टाळतात, आणि शेजारचा घालतो की नाही यावरही बरेच ठरते. भादव्याच्या उकाड्यात, मोजे तालुक्याच्या दुकानात आणि शेजारच्या वावरातला उघडाच फवारतो आहे, अशा वेळी सोळावी सूचना काय करणार?

वाऱ्याची सूचनाच घ्या. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, हे खरे. मग माणूस वारा पाठीवर घेतो आणि पुढे चालत जातो, म्हणजे नुकत्याच भिजवलेल्या पऱ्हाटीतून जातो. कपाशी छातीच्या वर असेल तर तो सगळा ओला होतो. नीट सांगायचे तर असे सांगावे लागेल: वारा अंगाच्या बाजूने घ्या, तो ज्या धुऱ्याकडे वाहतो आहे तिकडच्या ओळीपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक फेरीला वारा येतो त्या बाजूला सरका. मग तुषार झालेल्या ओळींवर जातात आणि माणूस कोरड्यात राहतो. वाक्य लांबले, पण एका लहान आकृतीत हे सहज मावते. नोझलचेही तसेच. फुंकू नका म्हटले, पण तुंबलेल्या नोझलचे काय करायचे ते सांगितले नाही. काम अडलेले असते, मालक धुऱ्यावर उभा असतो, आणि फुंकणे हा एकच उपाय ठाऊक असतो. 'पाण्याने धुवा, मऊ ब्रशने साफ करा, ब्रश पंपालाच बांधून ठेवा' अशी ओळ मनाईपेक्षा कितीतरी उपयोगाची.

जगात याहून चांगले नमुने आहेत. अन्न व कृषी संघटना आणि कीटकनाशक उत्पादकांची जागतिक संघटना यांनी १९८० च्या दशकात मिळून चित्रखुणांचा एक संच तयार केला. त्या लेबलाच्या तळाशी एका पट्ट्यात मांडायच्या असतात: एका बाजूला मूळ द्रव हाताळतानाच्या, दुसऱ्या बाजूला फवारतानाच्या. मोज्यांचे चित्र दोन्हीकडे येऊ शकते, पण प्रत्येक वेळी ते आपापल्या कामाशेजारी येते. मला यातली चित्रे तितकी महत्त्वाची वाटत नाहीत, त्यांची मांडणी महत्त्वाची वाटते.

रिकाम्या डब्याची सूचना कोणाच्या वाट्याला जाते, हे शिक्षकांनी तरी विसरू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतील मध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. न्यायवैद्यक तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. तेलासाठी त्याचा रिकामा डबा वापरला गेला असावा, असे तेव्हा सांगितले गेले. माहितीपत्रक बाटलीबरोबर वावरात येते, स्वयंपाकघरात पोचतो तो डबा. म्हणून ही सूचना कागदावर नव्हे, डब्याच्या अंगावरच कोरलेली हवी. धुतल्याने निघेल असे लेबल तिच्यासाठी चालणार नाही.

गावी होतो तेव्हा तिथल्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी मला नववीच्या वर्गावर बोलावले. भाषण न देता आम्ही मुलांना माहितीपत्रकाच्या मराठी भागाच्या मोठ्या अक्षरांतल्या प्रती दिल्या आणि सांगितले, यातली प्रत्येक सूचना ज्या कामाशी संबंधित आहे त्या कामाच्या आधी लिहा. बहुतेकांच्या घरी शेती, त्यामुळे कामांचा क्रम आम्हाला सांगावा लागला नाही: झाकण उघडणे, मापणे, मिसळणे, टाकी उचलणे, फवारणे, धुणे, जेवणे. सोळांपैकी चार सूचना एकट्या 'झाकण उघडणे'पाशी जमल्या. तिथे द्रव सर्वांत तीव्र असतो, हे मुलांनीच काढले. 'जेवणे'पाशी मूळ कागदात एकच सूचना होती. तिथे एका मुलीने लिहिले: आधी साबणाने हात, मग डबा, तंबाखूसुद्धा नंतर.

मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ काही लिहीत नव्हता. त्याचे वडील दुसऱ्यांच्या वावरात फवारायला जातात. तो म्हणाला, "सर, बाटली तर मालकाच्या घरी राहते. बाबांच्या हाती भरलेला पंपच येते. हे लिहायचं कशावर?"

कायद्याने सांगितलेला तो चौरस, तो सोळावा हिस्सा, चार भाषा, हे सर्व बाटलीसाठी आहे. ज्याच्या अंगावर औषध पडते त्याच्या हाती बाटली येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. बाईंनी मग त्या मुलाकडूनच पाच ओळी ठरवून घेतल्या: मोजे, वारा, नोझल, हात, आणि डोळ्यांना अंधुक दिसू लागले की पंप खाली ठेवून, बाटली सोबत घेऊन दवाखाना. मालकाकडून बाटली मागून घ्यायची, कारण अंगात कोणते औषध गेले हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळते. या ओळी कागदावर लिहून त्यांनी पंपाच्या टाकीवर चिकटवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी कागद ओला होऊन निघाला. आता शाळेतल्या फळ्याच्या रंगातून उरलेला डबा काढून रंगवण्याचे चालले आहे. रंग टिकतो का, ते या हंगामात कळेल.