बंद पडली, बंद पाडली की बंद ठेवली? बर्लिनमधल्या साडेचार किलोमीटर रेल्वेबद्दल

एखादी चालू गोष्ट थांबली हे सांगायला मराठीत निदान चार क्रियापदं आहेत. घड्याळ बंद पडतं. मालक दुकान बंद करतो. कामगार कारखाना बंद पाडतात. दुरुस्तीचं निमित्त सांगून एखादा पूल वर्षानुवर्षं बंद ठेवला जातो. शेवट चारही वेळा सारखाच, पण जबाबदारी दर वेळी वेगळ्या माणसाकडे जाते. ‘बंद पडलं’मध्ये तर ती कुणाकडेच जात नाही. पडणं आपोआप होतं.

हे व्याकरण आठवायचं कारण म्हणजे बर्लिनच्या वायव्य भागातली एक रेल्वे. तिचं नाव सीमेन्सबान. ‘बान’ म्हणजे रेल्वे, आणि सीमेन्स म्हणजे तीच विजेची कंपनी. युंगफर्नहायडे स्थानकातून फुटणारी ही साडेचार किलोमीटरची शाखा. तिच्यावर पुढे तीन स्टेशनं: वेर्नरवेर्क, सीमेन्सश्टाट आणि गार्टनफेल्ड. १८ डिसेंबर १९२९ला सुरू झाली, सप्टेंबर १९८०मध्ये थांबली. यूट्यूबवर शोधलंत तर तिचे ढिगाने व्हिडिओ सापडतील. रुळांमधून उगवलेले बर्च, गंजलेले खांब, ओस फलाट आणि मागे हळुवार पियानो.

अशा मार्गांबद्दल लिहिताना जर्मनांचा एक लाडका शब्द आहे, ‘डॉर्नर्योशेनश्लाफ’. ग्रिम बंधूंच्या परीकथेतली राजकन्या काटेरी झुडपांनी वेढलेल्या महालात शंभर वर्षं झोपते, त्या झोपेसाठीचा हा शब्द. सीमेन्सबानच्या बाबतीत तर ही उपमा जवळजवळ आयती मिळाली आहे. झुडपं होती, झोप होती आणि २०१८मध्ये राजपुत्रही आला. त्याच्याकडे ६० कोटी युरोंची योजना होती. आता उद्घाटनाला शंभर वर्षं होतील तेव्हा, म्हणजे २०२९मध्ये, गाडी पुन्हा धावावी असं ठरलं आहे.

गोष्ट गोड आहे. माझी तक्रार एवढीच की तिच्यात सगळं आपोआप होतं. राजकन्या झोपते, झुडपं वाढतात, वेळ जातो. प्रत्यक्षात या रेल्वेच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी निर्णय घेतला होता. मी गेली तीन वर्षं बर्लिनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या धंद्यात काही बिघडलं की नंतर अहवाल लिहितात, आणि त्यातलं सगळ्यात संशयास्पद वाक्य असतं ‘सर्व्हर डाऊन झाला’. झाला म्हणजे काय? कुणी काय बदललं, कधी आणि कशासाठी? सीमेन्सबानला हेच प्रश्न विचारून बघूया.

सुरुवात बांधकामापासून करू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर सीमेन्सचे कारखाने उभे राहिले आणि १९१४मध्ये त्या भागाला अधिकृत नावच मिळालं: सीमेन्सश्टाट, म्हणजे सीमेन्सनगर. कामगार मात्र सगळ्या बर्लिनमधून यायचे. त्यांना वेळेवर आणायचं तर रेल्वे हवी होती. कंपनीने ती स्वतः बांधली आणि चालवण्यासाठी सरकारी रेल्वेच्या हाती दिली. स्टेशनांची रचना केली कंपनीच्याच वास्तुरचनाकाराने, हान्स हर्टलाइनने. सीमेन्सश्टाटमधल्या अनेक कारखान्यांच्या इमारतीही त्याच्याच.

हर्टलाइनचं काम मला आवडतं. त्यात नक्षी नाही आणि गाजावाजाही नाही. वेर्नरवेर्ककडे जाणारा मार्ग सुमारे ८०० मीटर पोलादी खांबांवरून जातो. त्याच्याखाली उभं राहून वर बघितलं की रिव्हेटांच्या ओळी, तुळया आणि त्यांची मोजणी कळावी इतकी उघड रचना दिसते. काही लपवलेलं नाही. रेल्वे इथे सजावट नसून कारखान्याचंच पुढे आलेलं यंत्र आहे, हे बघताक्षणी समजतं. आज हा सगळा मार्ग संरक्षित वारसा आहे, आणि ते योग्यच आहे.

पण स्टेशनांची नावं वाचा. वेर्नरवेर्क हे संस्थापक वेर्नर फॉन सीमेन्स यांच्या नावाचं कारखान्यांचं संकुल. दुसरं स्टेशन थेट कंपनीच्या नावाच्या वस्तीचं. तिसरं गार्टनफेल्ड, जिथे कंपनीचा केबलचा कारखाना होता. तीनही पाट्या मिळून एक मालकीपत्र तयार होतं. भरभराटीच्या काळात रोज सुमारे १७ हजार लोक या गाडीने कामाला यायचे. कंपनीच्या बसने ये-जा केलेल्या कुणालाही हे गणित ओळखीचं वाटेल. सोय खरी असते, पण ती तुमच्या घरापेक्षा कंपनीच्या घड्याळाला धरून आखलेली असते. सुरू झाली तेव्हा न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून दोन महिनेही झाले नव्हते. ज्यांच्यासाठी रेल्वे बांधली त्यांच्यातल्या अनेकांचा रोजगार पुढच्या मंदीत गेला. नंतरच्या युद्धकाळात याच कारखान्यांत कंपनीने हजारो माणसांना सक्तीने राबवलं. परीकथेत महाल कुणी बांधला ते सांगतात, त्यात कोण राबलं ते क्वचितच सांगतात.

म्हणजे पहिलं क्रियापद स्पष्ट आहे. कंपनीने ‘बांधली’. कर्ता, कर्म सगळं जागेवर.

युद्धानंतर गोंधळ सुरू होतो. विभागलेल्या बर्लिनमध्ये भविष्य दिसेना, म्हणून १९४९मध्ये सीमेन्सने आपली मुख्य कार्यालयं म्युनिक आणि एर्लांगनला हलवली. कारखाने बर्लिनमध्येही चालू राहिले, पण कंपनीचं मन तिथून निघालं. जिच्यासाठी रेल्वे होती तीच अर्धी उठून गेली.

त्याच वेळी एक विचित्र व्यवस्था तयार झाली. शहराची लोकल रेल्वे, तिला तिथे एस-बान म्हणतात, पूर्ण शहरात चालवण्याचं काम ‘डॉइचे राइशबान’कडे राहिलं, आणि राइशबान होती पूर्व जर्मनीच्या ताब्यात. म्हणजे पश्चिम बर्लिनच्या माणसाने पश्चिम बर्लिनमध्येच दोन स्टेशनांचा प्रवास केला, तरी तिकिटाचे पैसे पूर्वेच्या सरकारी रेल्वेकडे जायचे. चांगल्या, पश्चिमी चलनात.

१३ ऑगस्ट १९६१ला पूर्व जर्मनीने भिंत उभारायला सुरुवात केली. पश्चिमेतल्या कामगार संघटनांनी आणि राजकारण्यांनी आवाहन केलं की एस-बानने जाऊ नका, तुमच्या तिकिटातून भिंतीची काटेरी तार विकत घेतली जाते. लोकांनी ऐकलं. गाड्या रिकाम्या धावू लागल्या, आणि त्यांच्या मार्गाला समांतर शहराच्या बस सुरू झाल्या. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे. पश्चिम बर्लिनने आपली लोकल ‘वाळीत टाकली’.

बहिष्कार टाकणाऱ्यांना आज शहाणपण शिकवणं सोपं आहे. मला ते जमत नाही. एका रविवारी सकाळी उठून बघावं तर आपल्या शहराच्या मधोमध तार ओढलेली, नातेवाईक पलीकडे अडकलेले. अशा वेळी हातात जे होतं ते लोकांनी वापरलं, आणि हातात होतं फक्त तिकीट. पण या बहिष्काराचा हिशोब पुरा मांडला पाहिजे. भिंत त्यानंतर २८ वर्षं उभी राहिली. झिजली ती रेल्वे. रोजच्या प्रवासाला तिचीच गरज असलेल्या लोकांनी ती सोडली, आणि हळूहळू गरजही दुसऱ्या गाड्यांनी भागवायची सवय शहराला लागली. रागाचं कारण रास्त होतं आणि नुकसानही खरं होतं. एकाने दुसरं पुसून जात नाही.

रिकामी गाडी चालवणारे मात्र रोज येतच होते. राइशबानचे पश्चिम बर्लिनमध्ये राहणारे हे कर्मचारी. घर पश्चिमेत, मालक पूर्वेत. शेजारी त्यांच्याकडे संशयाने बघायचे आणि व्यवस्थापनाला ते खर्च वाटायचे. सप्टेंबर १९८०मध्ये त्यांनी संप केला. मागण्या काही क्रांतिकारी नव्हत्या: पगार वाढवा, गाड्यांची कपात थांबवा. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशाच्या रेल्वेविरुद्ध कामगारांचा संप, एवढंच त्यातलं अवघड होतं. सप्टेंबर संपायच्या आत तो मोडला. अनेकांना कामावरून काढलं आणि पश्चिम बर्लिनमधलं एस-बानचं जवळपास निम्मं जाळं पुन्हा सुरूच केलं नाही. त्या निम्म्यात सीमेन्सबान होती.

इथे क्रियापदांची गंमत बघा. कर्मचाऱ्यांनी गाड्या काही दिवसांसाठी ‘बंद पाडल्या’, कारण त्यांना त्या चालू राहायला हव्या होत्या. त्यांचाच आधार घेऊन व्यवस्थापनाने त्या कायमच्या ‘बंद केल्या’. आणि इतिहासाच्या एका ओळीच्या सारांशात दोन्ही मिळून झालं, ‘संपामुळे बंद पडली’. मारणाऱ्याचं नाव गळालं आणि ओरडणाऱ्याचं तेवढं राहिलं.

१ ऑक्टोबर १९८०ला, म्हणजे संपानंतर आठवडाभरातच, पश्चिम बर्लिनच्या भुयारी रेल्वेचा ‘यू-७’ मार्ग सीमेन्सश्टाटपर्यंत पोहोचला. सीमेन्सडाम आणि रोरडाम ही नवी, चकचकीत स्टेशनं. माझ्यासारख्याला हे अगदी ओळखीचं दृश्य वाटतं. जुनी यंत्रणा काढली, नवी चालू केली, काम फत्ते. पण भुयार दोन आठवड्यांत खणलं जात नाही. शहर अनेक वर्षं पैसे ओतून आपल्याच लोकलला पर्याय खणत होतं, कारण ती लोकल दुसऱ्याच्या हातात होती. आणि नव्या यंत्रणेत जुन्याचं सगळं आलं नाही. भुयारी मार्ग गार्टनफेल्डला गेला नाही.

आता त्या झोपेकडे वळू. सीमेन्सबान खरोखर नुसती झोपली असती तर परिस्थिती बदलल्यावर जागी झाली असती. परिस्थिती दोनदा बदलली. जानेवारी १९८४मध्ये पश्चिम बर्लिनमधली एस-बान शहराच्या स्वतःच्या परिवहन संस्थेकडे आली. तिकिटाचे पैसे आता पूर्वेला जाणार नव्हते, बहिष्काराचं कारणच संपलं. १९८९मध्ये भिंत पडली, पुढच्या वर्षी देश एक झाला. १९८०च्या त्याच संपानंतर गेलेला वर्तुळाकार मार्ग टप्प्याटप्प्याने परत आला आणि २००२मध्ये वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं. सीमेन्सबानकडे कुणी आलं नाही. उलट जलमार्गाच्या कामासाठी स्प्रे नदीवरचा तिचा पूल काढून टाकला. झोपलेल्या राजकन्येच्या महालाचा जिना कुणी काढून नेत नाही. या तीन दशकांसाठी क्रियापद एकच आहे, ‘बंद ठेवली’. ठेवणाऱ्यांची कारणं असतील. शहराकडे पैसे कमी होते, त्या कारखान्यांतली माणसंही कमी झाली होती. पण कारणं असणं म्हणजेच निर्णय असणं.

आणि म्हणून ते व्हिडिओ मला खटकतात. कॅमेरा सुंदर फिरतो, प्रकाश नेमका निवडलेला असतो. पण गंजाला कारण लागत नाही, तो हवेनेच येतो, त्यामुळे गंज बघणाऱ्याला वाटतं की रेल्वेही हवेनेच गेली. फलाटावर माणूस नसतो. १९२९ला शिफ्टसाठी धावत आलेला नसतो, १९६१ला खाली मान घालून डब्यात चढलेला नसतो आणि १९८०ला संपावर बसलेला तर नसतोच नसतो. ओसाडपणाचं सौंदर्य असं माणसं पुसून मिळतं. मी हे व्हिडिओ बघतो, मला आवडतातही. तरी ते बघून आपण काहीतरी जाणून घेतलं असा भास होतो, तो मात्र धोक्याचा.

राहिला राजपुत्र. ऑक्टोबर २०१८मध्ये सीमेन्सने बर्लिन सरकारशी करार केला. जुन्या कारखान्यांच्या आवारात ६० कोटी युरो गुंतवून नवी वस्ती, कार्यालयं आणि संशोधन केंद्रं उभारायची. सोबत अपेक्षा होती चांगल्या वाहतुकीची, म्हणजे सीमेन्सबान परत सुरू होण्याची. वाढलेली झाडी मग साफ झाली, पूल पुन्हा बांधायचं ठरलं, गार्टनफेल्डच्या पुढे मार्ग वाढवायचा विचारही सुरू झाला. इथे एक फरक नीट बघायला हवा. ६० कोटी युरो कंपनीच्या आवारासाठी आहेत. रेल्वे पुन्हा उभी करायचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो आहे. १९२९मध्ये कंपनीला रेल्वे हवी होती आणि कंपनीने ती बांधली. या वेळी कंपनीला रेल्वे हवी आहे आणि शहर ती बांधतं आहे.

हे वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. गार्टनफेल्डला हजारो नवी घरं होणार आहेत, तिथल्या लोकांना गाडी हवीच, आणि लोकांच्या पैशातली रेल्वे लोकांची असते, हे कंपनीच्या रेल्वेपेक्षा बरंच. मला सलतं ते क्रमाबद्दल. जवळपास चार दशकं त्या भागात राहणाऱ्यांची गरज पुरेशी ठरली नाही, आणि एका कंपनीची योजना आली तेव्हा ती एका करारात पुरेशी ठरली. बर्लिनमध्ये भाड्याच्या घरात राहून कुठल्यातरी कंपनीच्या आवारात काम करणाऱ्या माझ्यासारख्याने हा क्रम लक्षात ठेवावा असा आहे. आपल्या शहरात कुठली वाहतूक ‘व्यवहार्य’ आहे हे कोण आल्यावर ठरतं, ते यातून दिसतं.

ठरल्याप्रमाणे झालं तर २०२९ला वेर्नरवेर्कच्या फलाटावर समारंभ होईल. भाषणांत संस्थापक येतील, हर्टलाइन येईल, झोप आणि जाग येईल. कुठेतरी माहितीची पाटीही लागेल. तिच्यावर १९८०बद्दल एक वाक्य असेलच. ते वाक्य कर्ता सांगणारं असावं: पगारवाढ आणि गाड्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांनी इथे संप केला, आणि रेल्वे प्रशासनाने मार्ग बंद केला. एका वाक्याला पाटीवर फार जागा लागत नाही.