कापलेला दोर : ‘सिंहगड’ पारगडावरून पाहताना

चंदगड तालुक्यातल्या पारगडावर मालुसऱ्यांचे वंशज आजही नांदतात. तानाजींचे पुत्र रायबा हे या गडाचे पहिले किल्लेदार, अशी परंपरा आहे. त्यामुळे सिंहगडची लढाई पडद्यावर आली, की आम्हा चंदगडकरांना ती घरची गोष्ट वाटते. आणि तिच्यातली उणीवही लवकर टोचते.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ साली केला. आधार होता हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा. त्या काळी चित्रण बहुतांशी सूर्यप्रकाशावर चाले. पण ४ फेब्रुवारी १६७० चा हल्ला रात्रीचा; अंधार हेच मावळ्यांचे पहिले शस्त्र. पेंटरांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडचा तो पहिला प्रयोग मानला जातो. नाटकांचे पडदे रंगवून तयार झालेल्या या कलावंताला उजेडाइतकीच काळोखाचीही किंमत कळत होती, असे मी यावरून समजतो. त्यात शेलारमामा झाले होते एकवीस-बावीस वर्षांचे शांताराम. पुढे याच कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी ‘प्रभात’ काढली आणि शांतारामांनी १९३३ मध्ये ‘सिंहगड’ बोलपटात आणला.

२०२० च्या ‘तान्हाजी’त ओम राऊतांच्या हाती संगणक होता. कडे उंच झाले, ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ आली, अंधारातही सारे लख्ख दिसू लागले. थरार वाढला, यात शंका नाही. पण धोका दिसेनासा झाला. पुढे काय आहे ते कळत नसताना टाकलेले पाऊल हेच या लढाईतले धैर्य. सगळे दिसत असेल, तर उरते ती केवळ कसरत.

परंपरेने सांगितलेल्या कथेचा कणा तलवारीत नाहीच. तानाजी पडले, मावळे मागे फिरले, तेव्हा सूर्याजींनी परतीचे दोर कापले. त्यात शौर्याचा देखावा नाही, निर्णय आहे. माझ्या मते, या कथेवरच्या प्रत्येक चित्रपटाची पारख त्या क्षणावर व्हावी : प्रेक्षकाला आपलाही दोर तुटल्यासारखे वाटते का?

आणि दोर कापल्यानंतर काय? त्याचे उत्तर पारगडावर आहे. गड एका रात्रीत घेता येतो; तो राखायला पिढ्या लागतात. त्या राखणीत टाळ्या घेणारा प्रसंग नाही. आहे तो पावसाळ्यातला पहारा आणि न सोडलेली जागा. मला तो चित्रपट पाहायचा आहे.