विधवेचा अर्ज आणि वीरांगनेचे चरित्र : हॅरिएट टबमन यांच्या निवृत्तिवेतन-संचिकेचे समीक्षात्मक वाचन

प्रास्ताविक

अमेरिकेच्या यादवी युद्धाने (१८६१-१८६५) गुलामगिरीची प्रथा संपुष्टात आणली. या घटनेचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे मराठी अभ्यासकांना ज्ञात आहे. मात्र त्या मुक्तिलढ्यात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीला त्याच काळात आपल्या सेवेच्या मोबदल्यासाठी सरकारदरबारी खेटे घालावे लागत होते, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. ही स्त्री म्हणजे हॅरिएट टबमन (सुमारे १८२२-१९१३).

टबमन यांच्याविषयीचे लेखन विपुल आहे. त्यात त्यांचे पलायन, इतरांची सुटका आणि युद्धातील पराक्रम यांना मध्यवर्ती स्थान मिळते. निवृत्तिवेतनासाठी त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ केलेला झगडा बहुधा उत्तरायुष्यातील आर्थिक हालअपेष्टांचा तपशील म्हणून उरकला जातो. प्रस्तुत लेखाची भूमिका याहून भिन्न आहे. निवृत्तिवेतनाची संचिका ही केवळ माहितीचे साधन नसून ती एक संहिता आहे. तिच्यात अर्जदार स्त्री आणि कायदा असे दोन लेखक आहेत आणि दुसऱ्या लेखकाचा हात अधिक वजनदार आहे. टबमन यांच्या आयुष्याचा कोणता भाग या संहितेत टिकला आणि कोणता गळाला, हे पाहणे म्हणजेच राज्यसंस्था स्त्रीला कोणत्या रूपात ओळखते हे पाहणे होय.

कायद्याने घडविलेली 'विधवा'

१४ जुलै १८६२ च्या कायद्याने संघराज्याच्या बाजूने लढताना मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन देऊ केले. साध्या शिपायाच्या विधवेस दरमहा ८ डॉलर, तर लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्याच्या विधवेस ३० डॉलर असे हे मान होते. विधवेने पुनर्विवाह केल्यास तिचे वेतन बंद होत असे. १८८२ च्या कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. विधवा परपुरुषासोबत उघडपणे राहत असल्याचे सिद्ध झाल्यास तिचा हक्क संपुष्टात येईल, अशी तरतूद त्यात करण्यात आली. परिणामी विधवेचे खासगी जीवन हा सरकारी चौकशीचा विषय ठरला.

कृष्णवर्णीय सैनिकांच्या विधवांपुढील अडचण त्याहून मूलभूत होती. गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यता नव्हती, त्यामुळे विवाहाची नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो येथे कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली. तेथे मारल्या गेलेल्या मेजर लायोनेल बूथ यांच्या विधवेने, मेरी बूथ यांनी, पुढच्या महिन्यात अध्यक्ष लिंकन यांची भेट घेऊन या स्त्रियांची कैफियत मांडली. लिंकन यांनी सिनेटर चार्ल्स समनर यांना पत्र लिहून, या सैनिकांचे विवाह कायदेशीर असल्याप्रमाणे त्यांच्या विधवा व मुलांना लाभ मिळावा, असे सुचविले. त्यानंतर ४ जुलै १८६४ च्या कायद्याने मार्ग काढला. सैनिक भरती होण्यापूर्वी किमान दोन वर्षे ते दोघे पतिपत्नी म्हणून एकत्र राहत होते, असे विश्वसनीय साक्षीदारांनी शपथेवर सांगावे, अशी अट त्यात होती. १८६६ मध्ये दोन वर्षांची ही अट काढण्यात आली.

या तरतुदींमागील सद्भाव नाकारता येणार नाही. तरीही त्यांचा वाङ्मयीन परिणाम लक्षात घेणे आवश्यक आहे. या कायद्यांनी विधवेला आपली कथा एका ठरावीक साच्यात सांगण्यास भाग पाडले. पतीचे नाव, पलटण, विवाहाचा दिवस, मृत्यूचे कारण, पूर्वीचा विवाह, अपत्ये आणि शेजाऱ्यांची साक्ष हा तो साचा होय. या साच्यात स्त्री ही पतीच्या आयुष्याची साक्षीदार असते. तिचे स्वतःचे आयुष्य पतीशी जोडले जाते तेथेच नोंदीस पात्र ठरते.

एकाच आयुष्याचे तीन मसुदे

टबमन १८४९ मध्ये मेरिलँड राज्यातून पळून स्वतंत्र झाल्या. त्यानंतर सुमारे तेरा खेपा करून त्यांनी जवळपास सत्तर जणांना गुलामीतून बाहेर काढले. युद्धकाळात दक्षिण कॅरोलिनात त्यांनी रुग्णसेवा, स्वयंपाक, टेहळणी व हेरगिरी अशी विविध कामे केली. जून १८६३ मध्ये कर्नल जेम्स माँटगोमेरी यांच्या तुकडीने कोम्बाही नदीवर घातलेल्या छाप्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. या छाप्यात सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. मात्र त्यांची सैन्यात रीतसर नेमणूक कधीच झाली नव्हती. कागदावर नेमणूक नाही म्हणून वेतन नाही, आणि वेतन नाही म्हणून निवृत्तिवेतन नाही, अशी ही साखळी होती.

या आयुष्याचे तीन मसुदे सरकारदरबारी सादर झाले, असे म्हणता येईल. पहिला मसुदा १८७४ चा. त्या वर्षी प्रतिनिधी सभागृहात मांडलेल्या विधेयकात टबमन यांना टेहळणी, शुश्रूषा आणि हेरगिरी या सेवांबद्दल २,००० डॉलर द्यावेत, अशी तरतूद होती. येथे त्या स्वतःच्या कर्तृत्वाच्या बळावर उभ्या आहेत. हे विधेयक सिनेटमध्ये फेटाळले गेले. फुले यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना ग्रंथ अर्पण केला, त्यानंतरच्याच वर्षीची ही घटना आहे.

दुसरा मसुदा १८९० ते १८९५ या काळातील विधवेच्या अर्जाचा. टबमन यांचे दुसरे पती नेल्सन डेव्हिस हे आठव्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीतील सैनिक होते. १८६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे त्यांचा विवाह झाला आणि १८८८ मध्ये डेव्हिस यांचे निधन झाले. मृत्यू युद्धामुळे झालेला नसला तरी विधवेस वेतन मिळू शकेल, अशी तरतूद जून १८९० च्या कायद्याने केली. मात्र सैनिकाची किमान नव्वद दिवसांची सेवा झालेली असावी आणि विधवेस स्वतःच्या रोजच्या श्रमाखेरीज उपजीविकेचे साधन नसावे, अशा अटी होत्या. टबमन यांनी अर्ज केला. येथे नवी अडचण उभी राहिली. डेव्हिस यांची सैन्यातील नोंद 'नेल्सन चार्ल्स' या नावाने होती. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी नाव बदलणे ही त्या काळी स्वाभाविक बाब होती. टबमन यांचे स्वतःचे जन्मनाव अरामिंटा रॉस होते. परंतु कार्यालयाच्या दृष्टीने दोन नावे म्हणजे दोन माणसे. ती एकच व्यक्ती होती आणि टबमन यांचे पहिले पती जॉन टबमन १८६७ मध्येच मृत्यू पावले होते, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागल्या. ऑक्टोबर १८९५ मध्ये दरमहा ८ डॉलर मंजूर झाले. १८६२ मध्ये साध्या शिपायाच्या विधवेसाठी ठरविलेली रक्कमही हीच होती.

तिसरा मसुदा १८९८ मधील प्रतिज्ञापत्राचा. त्यात टबमन यांनी १,८०० डॉलरचा दावा केला. या प्रतिज्ञापत्रातील सेवांचा क्रम अभ्यसनीय आहे. प्रथम रुग्णालयातील परिचारिका, नंतर स्वयंपाकीण आणि त्यानंतर आठ-नऊ टेहळ्यांची प्रमुख, असा तो आहे. स्त्रीला शोभणारी म्हणून मान्य असलेली कामे आधी येतात आणि अधिकार दर्शविणारे काम शेवटी येते. तथापि ते काम वगळलेले नाही, हे महत्त्वाचे आहे. टबमन यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या दाव्याचा इतिहास ऑबर्न येथील चार्ल्स वुड यांनी कित्येक वर्षांपूर्वीच लिहून काढला होता. तो वृत्तांत खरा आहे, एवढेच टबमन यांनी शपथेवर सांगितले. येथे स्त्रीचे कर्तृत्व पुरुषाच्या लेखणीतून येते आणि तिच्या वाट्याला त्याखालची निशाणी येते.

सभागृहाच्या समितीने २५ डॉलरची शिफारस केली. सिनेटच्या पातळीवर ती रक्कम घटली. फेब्रुवारी १८९९ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या स्वाक्षरीने दरमहा २० डॉलर मंजूर झाले. त्यांपैकी ८ डॉलर विधवा म्हणून व १२ डॉलर परिचारिका म्हणून, असा त्याचा हिशोब होता. टेहळणी आणि हेरगिरी या हिशोबात कोठेही नव्हती. १८७४ च्या मसुद्यात जे प्रथम स्थानी होते ते अंतिम संहितेतून गळाले, आणि ते गळाले तेव्हाच पैसे मिळाले. स्वीकृतीची ही किंमत होती.

चरित्र आणि संचिका

या पार्श्वभूमीवर सारा ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या दोन चरित्रांचा (१८६९ व १८८६) विचार करणे उद्बोधक ठरते. ब्रॅडफर्ड यांनी टबमन यांना आपल्या लोकांना दास्यातून बाहेर नेणाऱ्या मोझेसच्या रूपात उभे केले. एकोणीस खेपा आणि तीनशे मुक्त गुलाम हे त्यांचे आकडे पुढील संशोधनात टिकले नाहीत. त्यामुळे ब्रॅडफर्ड यांच्यावर अतिशयोक्तीचा आरोप होतो. तो रास्त आहे, परंतु अपुरा आहे. ही चरित्रे टबमन यांच्या चरितार्थास हातभार लागावा या हेतूने लिहिली व विकली गेली होती. पहिल्या पुस्तकात तर मान्यवरांची शिफारसपत्रेही समाविष्ट आहेत. अर्थात हे चरित्रसुद्धा एक अर्जच आहे. फरक इतकाच की तो सरकारऐवजी वाचकांकडे केलेला आहे. सरकारी अर्जात आयुष्य आकुंचित करावे लागते आणि लोकांकडील अर्जात ते फुगवावे लागते. दोन्ही संहितांमागे एकच गरज आहे आणि दोन्हींत टबमन स्वतः लेखक नाहीत.

अलीकडील संशोधनाने संचिकांचे मोल ओळखले आहे. एडा फील्ड्स-ब्लॅक यांनी 'कॉम्बी' (२०२४) या ग्रंथात कोम्बाही छाप्याशी संबंधित सैनिक व त्यांच्या विधवांच्या निवृत्तिवेतन-संचिकांवरून तेथील मुक्त झालेल्या समाजाची पुनर्रचना केली. या ग्रंथाला २०२५ मध्ये इतिहासाच्या पुलित्झर पारितोषिकाचा संयुक्त मान मिळाला. ज्यांची नावे मळेवाल्यांच्या वह्यांत मालमत्ता म्हणून नोंदली गेली होती, ती माणसे या कागदांतून नात्यागोत्यांसह समोर येतात. हे या पद्धतीचे मोठे यश होय. मात्र अशा संचिकांतील 'आवाज' थेट सैनिकाचा वा विधवेचा आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. प्रश्न चौकशी अधिकाऱ्याचे असतात, उत्तर त्याच्या लेखनिकी भाषेत उतरलेले असते आणि उत्तरावर अर्जदाराची भाकरी अवलंबून असते. म्हणून संचिकेतील विधानाइतकेच त्यामागील प्रश्नाचेही वाचन व्हावयास हवे.

यावर असा आक्षेप संभवतो की, कार्यालयीन कागदांना वाङ्मयीन निकष लावणे अप्रस्तुत आहे. परंतु साक्षरतेपासून वंचित ठेवलेल्या समूहांच्या बाबतीत अर्ज, जबानी आणि प्रतिज्ञापत्र हेच बहुधा एकमेव आत्मकथन असते. त्यांना समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवले, तर आत्मचरित्राचा इतिहास केवळ लिहिता येणाऱ्यांचा इतिहास ठरेल. आपल्याकडील कुटुंब-निवृत्तिवेतनाची प्रकरणे, वारसाचे दाखले आणि हयातीचे दाखले पाहणाऱ्या कोणासही या साच्याची ओळख नव्याने पटवून देण्याची गरज नाही.

समारोप

२००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने टबमन यांच्या निवृत्तिवेतनातील तुटीची भरपाई म्हणून ११,७५० डॉलर मंजूर केले. ही रक्कम त्यांच्याशी निगडित वास्तूंच्या जतनासाठी देण्यात आली. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी मेरिलँडच्या नॅशनल गार्डने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा बहाल केला. १८९९ मध्ये जे कर्तृत्व हिशोबाबाहेर ठेवले गेले, त्याची दखल सव्वाशे वर्षांनी घेतली गेली. ही दखल स्वागतार्ह आहे. तथापि तिच्यामुळे मूळ संचिकेचा अर्थ बदलत नाही. उलट, आता सन्मान झाला म्हणून त्या संचिकेचे वाचन थांबण्याची शक्यता अधिक आहे.

वरील विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, विधवेचे निवृत्तिवेतन हा आधार असला तरी तो स्त्रीला पतीच्या द्वारेच नागरिकत्व देणारा आधार होता. दुसरी, टबमन यांच्या दाव्याच्या मसुद्यांतील फरक हा त्यांच्या स्मृतीतील फरक नसून तो ऐकणाऱ्याच्या तयारीतील फरक आहे. तिसरी, चरित्रातील वीरांगना आणि संचिकेतील विधवा यांना परस्परांपासून तोडून वाचणे ही समीक्षेची चूक आहे. ज्या स्त्रीने आठ-नऊ माणसांचे नेतृत्व केल्याचे शपथेवर सांगितले, तीच स्त्री आपल्या मृत पतीची दोन नावे एकाच माणसाची होती हे पाच वर्षे पटवून देत होती. या दुसऱ्या कामाला लागलेली चिकाटी पहिल्या कामातील धैर्यापेक्षा कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. टबमन यांच्या पुढील चरित्रकारांनी या पाच वर्षांना त्यांच्या युद्धकार्याइतकीच पाने द्यावीत, एवढीच प्रस्तुत लेखामागील अपेक्षा आहे.